कोपऱ्यातला पोकळ डोळा

मी कॅमेरा बोलतोय.

लगेच विश्वास ठेवू नका. माझा माझ्यावरही पुरता नाही. दुकानाच्या कोपऱ्यात, छताला लागून, अर्ध्या करवंटीएवढा गोल डबा तुम्ही पाहिला असेल. काळी काच, आणि काचेमागे लुकलुकणारा तांबडा दिवा. तो दिसला की माणूस आपोआप सरळ उभा राहतो. तसलाच मी. फरक एवढाच, की माझ्या आत भिंग नाही, तार नाही, काहीच नाही. दिव्यापुरते दोन सेल, बाकी हवा. मग मला दिसतं कसं, असं विचाराल तर त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण इस्लामपूरच्या एका साडीच्या दुकानात जे घडलं ते मी पाहिलं. तेवढं सांगतो.

माझा जन्म शिरवळचा. हायवेच्या कडेच्या एका कारखान्यात प्लास्टिकचे पांढरे दाणे वितळून साच्यात पडले आणि मी बाहेर आलो. माझ्याबरोबर निघालेली भावंडं एका टेबलाकडे गेली. तिथं बायका त्यांच्या पोटात भिंगं आणि बारीक बारीक चकत्या बसवत होत्या. मला वाटलं, आपलीही पाळी येईल. पण आमची परात दुसऱ्याच टेबलावर ठेवली गेली. तिथल्या बाईनं माझ्यात दिवा खोचला, झाकण लावलं आणि शेजारणीला म्हणाली, "ह्यांचं बरं हाय. नुसतं बघितल्यावानी करायचं."

त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही. बघणं म्हणजे काय, हेच कुठं माहीत होतं?

इस्लामपूरला मला श्रेयसनं आणलं. श्रेयस म्हणजे दुकानमालक धन्यकुमार आवटींचा मुलगा. कॉलेज संपवून वडिलांच्या हाताखाली आलेला, बिलाच्या कॉम्प्युटरवर बसणारा. धन्यकुमारांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी मला हातात घेतलं, हलवून बघितलं आणि विचारलं, "एवढा हलका कसा रं?"

"रिकामाच आहे बाबा. पण खालून कुणाला कळत नाही," श्रेयस म्हणाला.

दुकान बंद असतं त्या दिवशी यासीनला बोलावलं. यासीन लाइट फिटिंगची कामं करायचा. अबोल, हातात नेहमी टेस्टर. शिडीवर चढून त्यानं मला स्क्रूनं बसवलं आणि खाली उतरल्यावर अण्णांनी त्याला जवळ घेतलं.

"यासीन, हे आत काय न्हाई ते तुज्या-माज्यात. घरात बी बोलायचं न्हाई. तुजी बायकू सबीना हितंच कामाला हाय म्हणून सांगतोय."

यासीननं पक्कड पिशवीत टाकली. "अण्णा, तिच्यावर संशय हाय का?"

"संशय कुणावरच न्हाई. पण वरनं कोणतरी बघतंय म्हटलं की माणूस नीट ऱ्हातंय."

यासीननं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं. दिला शब्द."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि माझं आयुष्य सुरू झालं.

माणसं माझ्याखाली कशी वागतात, हे मी तुम्हांला काय सांगावं? बायका गादीवर बसायच्या आधी पदर सारखा करत. नवऱ्यांना उगीच खोकला येई. जुने सेल्समन आप्पासो तर पहिल्याच दिवशी पाठ फिरवून बसले, ते कायमचे. साडी दाखवतानाही तोंड भिंतीकडे. मला वाटे, या म्हाताऱ्याच्या मनात काही तरी आहे. माझ्याकडे बघणाऱ्याचा मला संशय यायचा आणि न बघणाऱ्याचा जास्त. दुसरं काही करण्यासारखं मला दिलंच नव्हतं.

एकदा एका बाईनं ब्लाउजपीस पिशवीत सारला. उठता उठता तिची नजर माझ्यावर गेली. ती परत बसली, दोन साड्या आणखी उलगडायला लावल्या आणि ती गेल्यावर तो ब्लाउजपीस ढिगाऱ्यात दिसला. अण्णांनी ते पाहिलं होतं. त्या दिवसापासून ते बदलले. "कॅमेरा चालू हाय," असं गिऱ्हाइकांना सांगू लागले. पुढं पुढं तर गादीवर पेपर वाचत लवंडायचंही त्यांनी सोडलं. एकटे असले तरी टोपी नीट करून बसत. मी रिकामा आहे हे ज्यांना पक्कं ठाऊक, त्यांनाच मी खरा वाटू लागलो होतो.

आणि सबीना.

तिचं फॉल-पिकोचं मशीन माझ्या बरोबर समोर होतं. मी यायच्या आधी ती एक पाय स्टुलावर घेऊन शिवायची, डबा खाल्ल्यावर मशीनवर डोकं टेकून डुलकी काढायची. हे आप्पासोंनी कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं. मी आल्यावर ते सगळं संपलं. ओढणी घट्ट, पाठ ताठ. डबा खायला ती भिंतीकडे तोंड करून बसे. संध्याकाळी मशीनवर कापड झाकताना ती कमरेवर हात दाबून मिनिटभर उभी राही.

एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. तिनं मशीन थांबवलं आणि वर बघून हळूच विचारलं, "काय बघतोस रं सारखं?"

माझ्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. उत्तर द्यावंसं फार वाटलं. दिवा लुकलुकत राहिला.

चातुर्मासात अण्णांच्या पत्नी, गुणमालाकाकी, बस्तीतलं, म्हणजे जैन मंदिरातलं, प्रवचन ऐकून तशाच दुकानात येत. सबीनाशी त्यांचं चांगलं जमायचं. एकदा साडीच्या घड्या घालता घालता त्या म्हणाल्या, "महाराजांनी आज लय अवघड सांगितलं बघ. घडा मातीचा म्हणून हाय, सोन्याचा म्हणून न्हाई. एकाच घड्याला हाय बी म्हणायचं, न्हाई बी म्हणायचं. कुठनं बघतोय त्याच्यावर हाय."

सबीना हसली. "काकी, असं बोलून दुकान चालंल का? शालू हाय का इचारलं तर म्हणायचं, हाय बी आनि न्हाई बी?"

काकीही हसल्या. मी मात्र त्या दिवसभर तेच घोळवत राहिलो. डबा म्हणून मी आहे. कॅमेरा म्हणून नाही. मग त्या बाईनं परत ठेवलेला ब्लाउजपीस कुणामुळं परत आला? जो नाही, त्याच्यामुळं? आणि सबीनाची पाठ कोण दुखवत होतं?

विचार करत बसायला मला वेळ होता. पण मग शालूचं प्रकरण झालं.

जवळच्या गावच्या धोंडुबाईंनी नातीच्या लग्नासाठी डाळिंबी रंगाचा शालू पसंत केला होता. फॉल लावायला तो सबीनाकडे आला. तिनं फॉल लावला, घडी घातली आणि मागच्या जिन्यानं माळ्यावरच्या कपाटात ठेवून आली. धोंडुबाई न्यायला आल्या तेव्हा कपाटात शालू नव्हता. खालवर शोधलं. मिळाला नाही. "उद्या या, पाठवून देतो," असं सांगून अण्णांनी त्यांना वाटेला लावलं आणि दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं.

माळ्याचा जिना पडद्यामागे होता. माझी काच गादीकडे. म्हणजे मी खरा असतो, तरी तिथलं मला दिसलं नसतं. ही गोष्ट अण्णांच्या ध्यानात यायला हवी होती. आली नाही.

"सबीना, शालू कुठं हाय?"

"माळ्यावर. कपाटात ठिवला की."

"न्हाई तिथं."

"आसंल अण्णा. मी माज्या हातानं ठिवलाय."

आप्पासो भिंतीकडे बघतच म्हणाले, "परवा हिच्या हातात पिशवी मोठी हुती."

ते खरं होतं. मीही ती पिशवी पाहिली होती. खोटं कशाला सांगू, तिच्यावर माझाही संशय गेला. फुगलेली पिशवी, भरभर टाकलेली पावलं. मला वाटलं, हीच.

"पिशवीत चिंध्या हुत्या," सबीना म्हणाली. "वाकळंला. काकींनीच ने म्हटलं हुतं."

अण्णांनी ते ऐकलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हे बघ, मला सगळं दिसलंय ह्याच्यात. तुज्या तोंडानं सांग, म्हणजे बाहेर बोभाटा हुणार न्हाई."

सबीनानं वर पाहिलं. आप्पासोंनीसुद्धा मान वळवून पाहिलं, पहिल्यांदाच. कॉम्प्युटरपाशी बसलेल्या श्रेयसनं मात्र वर पाहिलं नाही. मला वाटलं, बाप एका बाईला असं बोलतोय म्हणून पोराला लाज वाटत असेल.

सबीनाचा चेहरा आधी उतरला. मग हळूहळू तिचा श्वास जागेवर आला.

"तुमी बघितलं ह्याच्यात?"

"बघितलं."

"मी नेताना?"

"व्हय."

"मग दाखवा."

अण्णांचं बोट अजून वर होतं. ते त्यांनी खाली घेतलं. "त्याचं मशीन बिघडलंय जरा."

"आत्ता तर बघितलं म्हणता."

"आता बिघडलंय."

"मग दुरुस्त करून घ्या अण्णा. मी बसते." आणि सबीना गादीवर जाऊन बसली. जिथं कामाची माणसं कधी बसत नव्हती, तिथं, गिऱ्हाइकांच्या जागेवर, माझ्या अगदी समोर. "मी नेलेला दिसला तर मी तुमच्या दारात परत पाय ठिवणार न्हाई. पण दाखवा."

ती दिवसभर तिथंच बसली. गिऱ्हाइकं विचारत, ती सांगे, "कॅमेऱ्यातलं बघायचंय, थांबलेय." लोक एकमेकांकडे बघत, मग माझ्याकडे. अण्णा गल्ल्यामागे बसून कपाळ पुसत. मशीन बंद होतं. दुसऱ्या दिवशीही ती आली आणि मशीनकडे न जाता गादीवरच बसली.

मला काय होत होतं म्हणून सांगू? एवढ्या विश्वासानं आजवर कोणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. सगळे भीतीनं पाहत. ही साक्षीदाराकडे पाहावं तसं पाहत होती. आणि साक्षीदार आत पोकळ होता. माझा तिच्यावरचा संशय केव्हा गळून पडला, मला कळलंही नाही.

दुपारी तिनंच यासीनला फोन केला. तो आला, खांद्यावर शिडी घेऊन. पाठोपाठ गुणमालाकाकीही आल्या. गावात काय बोललं जातंय ते त्यांच्या कानावर गेलं होतं.

"तुमी बसवलाय न्हवं," सबीना नवऱ्याला म्हणाली, "मग तुमीच काढा आनि त्यातलं दाखवा सगळ्यांना."

यासीननं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी नजर दाराकडे वळवली.

"त्यातलं मला कळत न्हाई," यासीन पुटपुटला.

सबीना उठली. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे तिनं नीट पाहिलं. घरच्या माणसाला तोंड लपवता येत नाही. "तुमाला काय ठाऊक हाय?"

यासीननं शिडी लावली. चढला. त्याचा चेहरा माझ्या काचेसमोर आला तेव्हा त्याच्या ओठांवर घाम होता. त्यानं एक एक स्क्रू काढला, मला घेऊन खाली उतरला आणि माझी काच बाजूला करून मला बायकोसमोर धरलं.

"आत काय न्हाई. कवाच नव्हतं."



मला वाटलं, सबीना ओरडेल. ती वाकून माझ्या आत बघत राहिली. बराच वेळ.

बोलले ते अण्णा. चोरी पकडली गेल्यासारखे घाईनं. "बघा. म्हणजे ह्याला ठाऊक हुतं. नवऱ्याला ठाऊक म्हणजे बायकोला ठाऊक. कॅमेरा आंधळा हाय म्हटल्यावर..."

"आवं, थांबा," गुणमालाकाकी म्हणाल्या.

काकी सहसा अण्णांना चारचौघांत थांबवत नसत.

"तिला ठाऊक असतं तर ती कालपासनं दाखवा दाखवा म्हणत बसली असती का? जिनं नेलंय ती म्हणंल, कॅमेरा बिघडलाय तर बरंच झालं. ही म्हणती, दुरुस्त करा. आनि पिशवीत चिंध्या हुत्या. मीच दिल्यात." काकींनी मला यासीनच्या हातातून घेतलं, हलवून बघितलं. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हणजे मला बी सांगितलं नव्हतं तुमी. मी बी ह्याच्याखाली पदर सावरत हुते."

त्या अण्णांकडे वळल्या.

"आंधळा हाय हे कुणाकुणाला ठाऊक हुतं, तेवढं सांगा."

"मला," अण्णा म्हणाले. "यासीनला. आनि..."

ते थांबले. सगळ्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. श्रेयसचा हात माउसवर होता, पण स्क्रीनवर काही हलत नव्हतं.

"मी नेला," तो म्हणाला. "फोटो काढायला. ऑनलाइन विकायचं बघत होतो, तुम्ही परवानगी देत नव्हता म्हणून. मित्राच्या स्टुडिओत त्याच्यावर चहा सांडला. सांगलीला ड्रायक्लीनिंगला दिलाय. वाटलं, डाग निघाला की गुपचूप ठेवून देऊ."

"आनि काल हिला बोलत हुतो तवा?" अण्णांनी विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही थोडं बोलून गप्प व्हाल."

त्याच्याकडे यापुढं कोणी पाहिलं नाही. अण्णा खाली बसले, गल्ल्याला टेकून. टोपी हातात आली होती. आप्पासो घसा खाकरून म्हणाले, "पिशवीचं मी नुसतं बोलून गेलो गं पोरी." सबीनानं काकींच्या हातातून मला घेतलं, चपला घातल्या आणि ती निघाली. मागून यासीन, खांद्यावर शिडी. बाजारातून आम्ही तिघं गेलो ते असे. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

घरी ती दोघं एरवी त्यांच्या दखनीत बोलायची. भांडण मात्र मराठीत झालं.

"शब्द दिला हुता," यासीन म्हणाला.

"कुणाला? मला कवा दिलाच नव्हता का?"

तो शिडी भिंतीला टेकवू लागला.

"सांजच्याला मी पाठ धरून बसायची. तुमी मलम लावून द्यायचा. हातानं मलम लावत हुता आनि तोंडानं गप. त्या डब्याला भिऊन मी ताठ बसत हुते, हे तुमाला ठाऊक हुतं."

"अण्णांनी तुज्यासाठीच सांगितलं हुतं, घरात बोलू नको म्हणून. बोललो असतो तर तुजंच काम गेलं असतं."

"बरं. आता एक सांगा. शालू गेला म्हटल्यावर तुमाला काय वाटलं? मी नेला आसंल?"

मी खाटेवर पडलो होतो, काच वर. यासीनचं उत्तर यायला इतका वेळ लागला, की न येताच ते आल्यासारखं झालं.

"घटकाभर वाटलं," तो म्हणाला. "मग तू दाखवा म्हणून हटून बसलीस, तवा गेलं."

सबीनानं मान हलवली. रागानं नाही. हिशेब लागल्यासारखी. "म्हणजे मला त्या रिकाम्या डब्यानं सोडवलं. तुमी न्हाई."

त्या संध्याकाळी स्वयंपाक त्यानं केला. तिनं जेवून घेतलं. पाठीला मलम लावायला तो बाटली घेऊन आला, तेव्हा तिनं बाटली हातातून घेतली आणि स्वतःच्या हाताला जेवढं पोचेल तेवढं लावलं.

अण्णा आणि काकी तिच्या घरी आले, त्याला फार दिवस लागले नाहीत. अण्णा उंबऱ्यातच हात जोडून उभे राहिले.

"सालातनं एकदा उत्तम क्षमा म्हणून गावाला हात जोडतो," ते म्हणाले. "नुसती रीत म्हणून. आज तसं न्हाई. चुकलं माझं."

सबीनानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग उभ्या उभ्याच बोलली. "अण्णा, हा डबा नसता तर तुमी मला इचारलं असतं. सबीना, शालू कुठं गेला आसंल गं, म्हणून. डबा हुता म्हणून इचारलं न्हाई. सांगितलं."

अण्णांनी पाण्याचा ग्लास तसाच धरून ठेवला होता.

"परत ये कामाला," काकी म्हणाल्या. "कोपरा रिकामा ठिवलाय."

"काम द्या काकी, मी हितं करीन. मशीन घेते एक जुनं. पण कुणाच्या डोळ्याखाली आता बसणार न्हाई. खऱ्या बी न्हाई आनि खोट्या बी न्हाई."

तसंच झालं. अण्णांनी धोंडुबाईंसाठी तसाच दुसरा शालू मागवला आणि फॉल लावायला तो श्रेयसच्या हाती पाठवला. मला वाटलं, सबीना पोराला दारातूनच परत लावेल. तिनं त्याला आत बोलावलं, सतरंजी अंथरली आणि पूर्ण शालू त्याच्यासमोर उलगडला. काठ, पदर, आतला भाग, सगळं बोटानं चाचपून दाखवलं.

"बघून घे. हाय तसा हाय. डाग न्हाई, धागा निघालेला न्हाई."

"ताई, माझा विश्वास आहे तुमच्यावर," श्रेयस म्हणाला.

"माझा ऱ्हायला न्हाई न्हवं," ती म्हणाली आणि घडी घालू लागली.

हे ऐकून मला बरं वाटलं नाही. संशय हे माझं काम होतं, तिचं नव्हतं. दुकानाच्या कोपऱ्यातून मला काढलं, पण माझ्यातलं काही तरी तिच्यापाशी राहून गेलं. आजही ती काम घेताना प्रत्येक साडी आणणाऱ्यासमोर उलगडते. बायकांना वाटतं, फार काळजीची बाई आहे.

यासीनशी मात्र ती हळूहळू बोलू लागली. आधी कामापुरतं. मग एक दिवस त्याच्या नव्या गिऱ्हाइकानं फोनवर विचारलं, "तसला खोटा कॅमेरा मिळंल का बसवून? निम्म्यात काम हुईल." तो म्हणाला, "बसवतो. पण घरातल्या सगळ्यांना सांगून बसवणार. चालतंय का बघा." समोरच्यानं फोन ठेवला. मशीनवर बसलेल्या सबीनानं हे ऐकलं होतं. त्या संध्याकाळी मलमाची बाटली तिनं त्याच्या पुढ्यात ठेवली.

आणि मी? मला तिनं एका सकाळी उलटं केलं, सेल काढून टाकले आणि आतून ओल्या फडक्यानं पुसलं. माझा तांबडा दिवा विझला. आता आपण संपलो, असं वाटलं. तसं काही झालं नाही. दिवा गेल्यावरही मला मशीनची टकटक ऐकू येत होती, खिडकीतलं ऊन दिसत होतं. काच काढून टाकलेल्या माझ्या पोटात तिनं बॉबिन भरल्या. निळ्या, पिवळ्या, डाळिंबी दोऱ्यांच्या. मशीनशेजारी मला ठेवलं. शिरवळच्या त्या टेबलावर माझ्यात जे भरायचं राहून गेलं होतं, ते काही हे नव्हे. पण आता मला हलवलं तर मी वाजतो.

लग्न झाल्यावर धोंडुबाई फराळाचा डबा घेऊन आल्या. बसता बसता त्यांची नजर माझ्यावर गेली आणि त्यांनी पदर ओढून घेतला. "अगं, हे त्या दुकानातलं न्हवं? हितनं बी बघतंय का?"

"हात घालून बघा मावशी," सबीना म्हणाली.

धोंडुबाईंनी बिचकत बिचकत बोटं आत घातली. दोन बॉबिन निघाल्या. त्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या, परत ठेवल्या, आणि तरीही उठेपर्यंत पदर काही सोडला नाही.

मी आहे की नाही, याचा निकाल माझ्याकडून तरी लागलेला नाही. तुम्ही लावलात तर मला कळवा. माझी भावंडं तुमच्या गावात, तुमच्या दुकानात लुकलुकत असतील. कुठली भरलेली, कुठली पोकळ, हे खालून कळत नाही. त्यांच्याखाली तुम्ही पदर सावरा, केस सारखे करा, तुमची मर्जी. पण त्यांच्याकडे बोट दाखवून कोणी तुम्हांला कुणाबद्दल काही सांगू लागलं, तर मान हलवण्याआधी ज्याच्याबद्दल सांगितलं त्यालाच विचारा. आणि बोट दाखवणाऱ्याला म्हणा, दाखवा.

आता थांबतो. मशीन बंद झालंय, दोरा संपला असावा. सबीना माझ्याकडे बघत नाही. सुईवरची नजर तशीच ठेवून तिनं हात लांब केलाय.